साक्ष तपासणारी लेखणी

शाळेच्या खिडकीची एक काच फुटली की चार मुले माझ्यापुढे उभी राहतात, आणि चौघांच्या तोंडून चार निरनिराळ्या हकिगती ऐकावयास मिळतात. गंमत अशी की, प्रत्येक हकिगतीत सांगणारा तेवढा निर्दोष असतो. चौघेही सराईत खोटारडे असतात असे नव्हे. पुष्कळदा मुलगा जे सांगतो ते त्याला स्वतःलाही खरे वाटू लागलेले असते. मग शिक्षकाने काय करावे? कोणावर विश्वास ठेवावा?

श्रोतेहो, हाच प्रश्न हाती घेऊन जपानमधील एका गृहस्थाने जन्मभर लेखन केले. त्यांचे नाव शिनोबू हाशिमोतो. 'राशोमोन', 'इकिरु', 'सात सामुराई' हे चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील, निदान त्यांची कीर्ती तरी ऐकली असेल. त्यांच्याबरोबर दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे नाव जगभर घेतले जाते, आणि ते यथार्थच आहे. परंतु चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वी तो कागदावर उभा राहावा लागतो. हे कागदावरचे काम करणाऱ्यांत हाशिमोतो होते. घर पाहून पाहुणा कमानीची वाखाणणी करतो, पायाचे दगड त्याच्या दृष्टीस पडत नाहीत, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

हाशिमोतो यांचा जन्म १८ एप्रिल १९१८ रोजी ह्योगो प्रांतात झाला. १९३८ साली ते सैन्यात भरती झाले. परंतु रणांगण दिसण्यापूर्वीच क्षयाने त्यांना गाठले. त्या काळी या रोगावर रामबाण औषध नव्हते. आरोग्यधामात खाटेवर पडून राहण्यात त्यांची चार वर्षे गेली. तेथे शेजारच्या एका रुग्णाने त्यांना चित्रपटविषयक मासिक वाचावयास दिले. त्यात एक पटकथा छापलेली होती. ती वाचून या तरुण सैनिकाला वाटले, असे तर मीही लिहू शकेन! जपानमधील सर्वांत मोठा पटकथाकार कोण, अशी त्याने चौकशी केली, तेव्हा मान्साकू इतामी हे नाव कळले. त्याने आरोग्यधामातील सैनिकांच्याच जीवनावर एक पटकथा रचली आणि ती इतामींकडे धाडून दिली.

अशा अपरिचिताच्या बाडाला थोर लेखकाकडून उत्तर येईल, अशी अपेक्षा कोण करील? पण उत्तर आले. इतामी स्वतःही क्षयानेच अंथरुणास खिळलेले होते. त्यांनी त्या लेखनातील दोष एकेक करून दाखविले. तेव्हापासून हाशिमोतो त्यांचे शिष्य झाले. पुढे हिमेजी येथील एका कारखान्यात हिशेबनिसाची नोकरी करीत असताना आगगाडीच्या जाण्यायेण्याच्या वेळात ते लिहीत आणि लिहिलेले गुरूकडे पाठवीत. निबंधाच्या वहीत तांबड्या शाईने केलेल्या खुणांचे मोल विद्यार्थ्याला बहुधा फार उशिरा कळते. हाशिमोतोंना ते वेळीच कळले. गुरूची तपासणी हीच त्यांची पाठशाळा होती. १९४६ साली इतामी निवर्तले. परंतु स्वतःच्या लेखनावर चटकन विश्वास ठेवावयाचा नाही, हा धडा शिष्याजवळ राहिला.

त्यानंतर हाशिमोतोंनी र्‍यूनोसुके आकुतागावा यांच्या १९२२ सालच्या एका लघुकथेवर पटकथा लिहिली. अरण्यात एका सामुराईचा मृतदेह सापडतो. पकडलेला दरोडेखोर, मृताची पत्नी आणि मांत्रिक स्त्रीच्या मुखाने बोलणारा खुद्द मृतात्मा, अशा तिघांच्या साक्षी होतात, आणि तिन्ही परस्परविरोधी ठरतात. मृतसुद्धा खरे बोलतो याची खात्री नाही! हे लेखन कुरोसावा यांच्या हाती पडले. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला ते तोकडे होते. म्हणून आकुतागावांच्याच दुसऱ्या एका कथेतील पडके वेशीचे दार त्याला जोडण्यात आले. कुरोसावांनी पाऊस, टाकलेले तान्हे मूल आणि त्याला उचलून घेणारा लाकूडतोड्या यांची भर घालून ते पूर्ण केले. १९५० साली 'राशोमोन' प्रदर्शित झाला आणि १९५१ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ज्या हिशेबनिसाची एकही पटकथा तोवर पडद्यावर आली नव्हती, त्याचा तो पहिलाच चित्रपट होता.

लोक म्हणतात, सत्य कोणालाच सापडत नाही असे हा चित्रपट सांगतो. मला ते तितकेसे पटत नाही. आपली साक्ष आपल्याच अहंकाराने रंगलेली असते, तेव्हा ती प्रथम पारखून घ्या, असे तो सांगतो. सत्य नाही असे म्हणणे वेगळे आणि ते सहजासहजी हाती लागत नाही असे म्हणणे वेगळे.

१९५२ सालच्या 'इकिरु'मध्ये हीच दृष्टी दुसऱ्या रूपाने दिसते. 'इकिरु' म्हणजे जगणे. नगरपालिकेच्या कचेरीत तीस वर्षे कागदांवर शिक्के मारीत बसलेल्या एका अधिकाऱ्याला पोटाचा कर्करोग झाल्याचे कळते. उरलेल्या थोड्या दिवसांत तो एका गलिच्छ दलदलीच्या जागी मुलांसाठी बाग उभारण्याचा ध्यास घेतो. सामान्य लेखकाने ही बाग आपल्या डोळ्यांदेखत उभी केली असती आणि शेवटी नायकाला मृत्यू आणला असता. कुरोसावा, हाशिमोतो आणि तिसरे लेखक हिदेओ ओगुनी यांनी तसे केले नाही. चित्रपट संपावयास पुष्कळ अवकाश असतानाच नायक मरतो, आणि त्याच्या तसबिरीसमोर कचेरीतील मंडळी जमतात. बागेचे श्रेय वरिष्ठ घेऊन मोकळे झालेले असतात. मग एकेक जण आठवणी सांगू लागतो, आणि त्या तुटक साक्षींतून त्या मुक्या माणसाची थोरवी हळूहळू उकलत जाते. 'राशोमोन'मध्ये साक्षींनी सत्य झाकले, येथे साक्षींनीच ते उघडे केले.

'सात सामुराई'च्या जन्माची हकिगत तर प्रत्येक इतिहासलेखकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. मूळ बेत निराळाच होता. एका सामुराईच्या आयुष्यातील एकच दिवस दाखवावयाचा: तो सकाळी उठतो, किल्ल्यात कामावर जातो, तेथे त्याच्या हातून एक चूक घडते आणि संध्याकाळी त्याला स्वतःचे पोट चिरून प्राण द्यावे लागतात. हाशिमोतो जुनी पुस्तके धुंडाळू लागले, आणि एका क्षुल्लक प्रश्नावर अडले. त्या काळचा सामुराई कामावर जाताना दुपारचे जेवण बरोबर नेत असे काय? मुळात तेव्हा दिवसातून दोन वेळा जेवीत की तीन वेळा? खात्रीलायक पुरावा मिळेना. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, कोण विचारतो आहे! हाशिमोतोंनी कुरोसावांना सांगितले की हा चित्रपट लिहिता येणार नाही, आणि एवढा बेत सोडून देण्यात आला.

पुढे निराळा शोध चालू झाला. देशभर भटकणारे निर्धन योद्धे आपले पोट कसे भरीत? त्यात असे आढळले की, रात्री लुटारूंपासून पहारा केल्यास गावकरी त्यांना जेवू घालीत. बस्स, कथानक सापडले! शेतकरी सामुराई ठेवून घेतात, मोबदला काय, तर पोटभर भात. जेवणाच्या ज्या प्रश्नाने पहिली कथा बुडविली, त्याच प्रश्नाने दुसरी कथा दिली.

ही पटकथा आतामी येथील एका खाणावळीत तिघांनी एकत्र बसून लिहिली. एकच प्रसंग कुरोसावा आणि हाशिमोतो दोघेही स्वतंत्रपणे लिहीत. ओगुनी स्वतः एक ओळही न लिहिता परीक्षकाचे काम करीत. त्यांच्या पसंतीस उतरले नाही की मजकूर रद्द होई, मग तो कोणाच्याही हातचा असो. १९५४ साली पूर्ण झालेला हा चित्रपट २०७ मिनिटांचा आहे, आणि आपल्याकडील १९७५ च्या 'शोले'पर्यंत त्याची सावली पोहोचलेली आहे.

परंतु श्रोतेहो, साक्ष पारखण्याचे हे काम केवळ कलेचे नव्हते. १९५१ साली यामागुची प्रांतात एका वृद्ध दांपत्याचा खून झाला. पकडलेल्या एका इसमाने गुन्हा कबूल केला आणि आणखी चौघांची नावे घेतली. पोलिसांच्या कोठडीत त्यांच्याकडूनही कबुलीजबाब घेण्यात आले. खालच्या न्यायालयांनी पाचही जणांना दोषी ठरविले, आणि वरिष्ठ न्यायालयाने एकाला देहान्ताची शिक्षा फर्माविली. त्यांच्या वकिलाने या खटल्यावर पुस्तक लिहिले, आणि त्याच्या आधारे हाशिमोतोंनी दिग्दर्शक तादाशी इमाई यांच्यासाठी पटकथा रचली. १९५६ साली तो चित्रपट आला. त्याच्या नावाचा अर्थ 'भर दुपारचा अंधार' असा आहे. प्रकरण तेव्हा सर्वोच्च न्यायालयापुढे होते. पोलिसांची हकिगत खरी मानली तर आरोपींना किती अशक्य वेगाने धावपळ करावी लागली असती, हे चित्रपट दाखवितो आणि प्रेक्षकाला हसू फुटते. पण ज्याच्या गळ्याभोवती दोर आहे त्याला हसता येत नाही. शेवटी तुरुंगातील तरुण आपल्या आईला ओरडून सांगतो की, अजून सर्वोच्च न्यायालय बाकी आहे.

ते बाकी राहिलेले न्यायदान फार लांबले. खटला वरखाली फिरत राहिला, आणि अखेर १९६८ साली त्या चौघांची निर्दोष मुक्तता झाली. चित्रपटाने त्यांना सोडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सोडविले ते वकिलांनी आणि पुराव्याने. परंतु कबुलीजबाब म्हणजेच सत्य नव्हे, ही गोष्ट हजारो सामान्य माणसांपुढे मांडण्याचे धैर्य त्या लेखणीने बारा वर्षे आधी दाखविले होते.

१९६२ साली मासाकी कोबायाशी यांच्या 'हाराकिरी'साठी हाशिमोतोंनी जी पटकथा लिहिली, तिच्यात साक्षीदार माणूस नसून दप्तर आहे. चित्रपटाचा आरंभ एका सरदार घराण्याच्या रोजनिशीने होतो आणि शेवटही तिनेच. मध्यंतरी त्या वाड्यात एका गरीब तरुणाला बांबूच्या पात्याने पोट चिरावयास लावले गेल्याची क्रूर कथा उलगडते, त्याचा सासरा जाब विचारावयास येतो, आणि घराण्याची प्रतिष्ठा धुळीस मिळते. आपण हे सारे पाहिलेले असते. मग रोजनिशीत नोंद होते, ती अशी की जणू काही बिघडलेच नाही; जे मारले गेले ते आजाराने वारले. आम्ही शिक्षक मुलांना इतिहास शिकवितो तो पुष्कळसा अशाच दप्तरांवरून. ही नोंद कोणी केली, आणि ती तशी करण्यात कोणाचे हित होते, हे विचारावयास शिकविले नाही, तर आम्ही इतिहास शिकविला असे म्हणता येणार नाही.

या लेखकाच्या हातून सर्वच उत्तम घडले असे नाही. १९८२ साली त्यांनी स्वतः लिहून दिग्दर्शित केलेला एक चित्रपट साफ कोसळला. इतरांचे लेखन तपासणाऱ्या ओगुनींसारखा परीक्षक तेव्हा समोर बसलेला असता, तर कदाचित निराळे घडते, असे मला वाटून जाते. २०१३ साली अमेरिकेतील पटकथाकारांच्या संघाने कुरोसावा, ओगुनी, र्‍यूझो किकुशिमा आणि हाशिमोतो यांचा एकत्र गौरव केला. तेव्हा चौघांपैकी हयात असलेले ते एकटेच होते. ज्याला तरुणपणी क्षयाने मृत्यूच्या दारी नेऊन बसविले होते, तो माणूस १९ जुलै २०१८ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षानंतर निवर्तला.

पुढच्या वेळी हे चित्रपट पाहण्याचा योग आला, तर तलवारींच्या खणखणाटाच्या अलीकडे क्षणभर थांबावे. एका खाणावळीतील मेजाभोवती तीन माणसे बसलेली आहेत. एकजण लिहिलेला कागद पुढे सरकवितो, दुसरा तो वाचतो आणि मान हलवून नकार देतो. पहिला मुकाट्याने कोरा कागद ओढून घेतो. उद्या माझ्यासमोर काच फोडणारी चार मुले उभी राहतील, तेव्हा हाती छडी घेण्यापूर्वी मीही एक प्रश्न अधिक विचारीन, एवढे मात्र या दूरच्या गुरुबंधूने मला शिकविले आहे.