मास्तर नसलेला नाच

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. बंजारा समाजाची ही काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथलीच. मात्र होळीला बंजाऱ्यांच्या तांड्यांत रंगणारा लेंगी नाच शिकवणाऱ्या मास्तरांचा पत्ता विचारला, तर तो मिळायचा नाही. बोट जाईल ते तांड्यातल्या जुन्या बायांकडे आणि गळ्यात डफ असलेल्या म्हाताऱ्यांकडे.

बंजाऱ्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. मुक्काम रोज नवा असल्यावर शाळा कुठली नि क्लास कुठला? पोरं फेरात मागे उभी राहत, पाऊल चुकलं की पुढची बाई दटावे, एवढंच प्रशिक्षण. रेल्वे आली, धंदा बसला, तांडे स्थिरावले. शिकवायची रीत तीच राहिली.

गंमत म्हणजे अर्जेंटिनातल्या ब्यूनस आयर्सच्या टँगो नाचाचं जुनं शिक्षणही फारसं वेगळं नव्हतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथले तरुण आधी पुरुषांबरोबरच सराव करत आणि बाईची पावलंही शिकून घेत. 1983 मध्ये पॅरिसला ‘तांगो आर्हेन्तिनो’ हा कार्यक्रम गाजला, जगभरातून शिकणारे ब्यूनस आयर्सला आले आणि नाचणारेच पगारी शिक्षक झाले. 2009 मध्ये युनेस्कोनेही टँगोला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

लेंगीच्या वाट्याला असं काही आलं नाही. पोहरादेवीत 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. तिथे वस्तू मांडल्या ते ठीकच. आता तांड्यातल्या जाणत्या बायांना मानधन देऊन शिकवायलाही बोलवावं.