निवृत्तिनियोजन, तरुण कामगारांचे

कमावत्या वयाच्या पूर्वार्धात म्हातारपणाच्या चरितार्थासाठी केलेली तरतूद. महाराष्ट्रात ती गाव की शहर यापेक्षा, मजुरी हातात पडण्याआधीच तिच्यातून कपात होते की नाही, यावर अधिक अवलंबून असते. नवी नोकरी लागली की घरचे विचारतात तो ‘फंड कापतात का?’ हा प्रश्न म्हणूनच नेमका आहे.

भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे या ‘फंडा’चा, १९५२ चा कायदा २० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो. कामगाराच्या मूळ पगार व महागाई भत्त्यातून सर्वसाधारणपणे १२ टक्के कापले जातात. मालकही तेवढेच भरतो. चाकण वा बुटीबोरीच्या कारखान्यांतील कायम कामगाराची बचत अशी न ठरवताही होते. शेजारच्या यंत्रावरील कंत्राटी तरुणाचे ठेकेदार बदलत राहतात. प्रत्येक वेळी त्याने फंड काढून घेतला, तर निवृत्तिवेतनासाठी लागणारी १० वर्षांची सेवा भरत नाही.

ग्रामीण भागात मुख्य अडचण हंगामी उत्पन्नाची. बीडकडचा ऊसतोड ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून आधीच उचल घेऊन कारखान्यावर जाते. पुढची मजुरी ती फेडण्यात जाते. हंगाम संपतानाही काहींच्या अंगावर बाकी उरते. अशा घरातल्या विशीतल्या मुलाला बचतीचे महत्त्व कळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे आहे. शेतकरी कुटुंबात जमीन, जनावरे, सोने आणि मुलगा हीच म्हातारपणाची पुंजी मानली जाते. वाटण्यांनी जमीन मात्र पिढीगणिक आखडते. बचत गट आणि भिशी यांचा पैसा बहुधा आजारपण, शाळेची फी, लग्न यांतच संपतो.

२०१५ ची अटल पेन्शन योजना १८ ते ४० वयोगटासाठी आहे. साठीनंतर दरमहा ५,००० रुपये मिळावेत म्हणून अठराव्या वर्षी महिना २१० रुपये भरावे लागतात, तर चाळिसाव्या वर्षी १,४५४. सहामाही हप्त्याची सोय कापूस-सोयाबीन विकणाऱ्याला सोयीची आहे. परंतु हे निवृत्तिवेतन महागाईशी जोडलेले नाही, आणि अठरा वर्षांच्या मुलाला ते ४२ वर्षांनी मिळायचे आहे.

काम अस्थिर असूनही कपात नियमित होऊ शकते, हे महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने दाखवले. नोंदीत हमालाचा मालक रोज बदलला, तरी प्रत्येक मालक मजुरी व तिच्यावरील लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो. त्यातून फंड आणि ग्रॅच्युइटी उभी राहते. ऊसतोड कामगारांनाही हीच रचना लागू व्हायला हवी.