गिरणगावाचं उधारखातं

मुंबईच्या गिरणी संपाचा विषय निघाला की डॉ. दत्ता सामंत, १८ जानेवारी १९८२, जवळपास अडीच लाख कामगार एवढं सगळ्यांना पाठ असतं. मला आठवते लालबागच्या चाळीतली आमची दहा बाय बाराची खोली आणि स्टोव्हसमोर बसलेली आजी.

आजी खाणावळ चालवायची. पाटी नाही, टेबल नाही. कोकणातून, घाटावरून आलेली, बायकामुलं गावी ठेवलेली माणसं पाळीप्रमाणे जेवायला येत. भात, आमटी, चपात्या, रविवारी मासळी. पैसे पगार झाल्यावर. म्हणजे महिनाभर कामगाराला पोसायचं ते बाईने, वाण्याकडे उधारी करून, नाहीतर सावकाराचं व्याज भरून.

ही अडचण नेमकी हेरली प्रेमा पुरव यांनी. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खाणावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

मग संप लांबला, पगार थांबले. आजीने ताटं थांबवली नाहीत. तिच्या पाटल्या गेल्या. वहीतली निम्मी माणसं गावी गेली ती परतलीच नाहीत. ती वही अजून माझ्याकडे आहे.

गिरण्यांच्या जागी आज मॉल आहेत. गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न निदान चर्चेत तरी येतो. त्यांना जेवू घालणाऱ्या बायकांचं देणं कुणाच्या यादीत आहे? संपाचा इतिहास सांगाल तेव्हा ही उधारीपण मांडा, एवढंच म्हणणं आहे.