मंडळी-ऐक्य, उत्तर भारतातील

निरनिराळ्या परंपरांच्या सहा प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी आपापले स्वतंत्र अस्तित्व विसर्जित करून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही संयुक्त मंडळी स्थापन केली. १९२९ च्या लखनौ परिषदेपासून चालत आलेल्या वाटाघाटींचे हे फळ होय.

या मंडळ्यांतील भेद एतद्देशीय श्रद्धावंतांच्या चिंतनातून फारसे उपजलेले नव्हते. मिशनसंस्थांनी आपसांत मुलूख वाटून घेतल्यामुळे अहमदनगरचा ख्रिस्ती अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने काँग्रिगेशनल, गुजरातेतला आयरिश मिशनमुळे प्रेस्बिटेरियन आणि डहाणूकडचा ब्रेदरन ठरला. त्यामुळे परस्परपरिचयाची निकड येथे तत्त्वचर्चेच्या आधीपासूनच जाणवत होती. प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांनी तर १९२४ मध्येच आपला संयुक्त संसार थाटला होता, आणि पुढील वाटाघाटींत तो अनुभव उपयोगी पडला.

खरी अडचण दोन कलमांची. लेकरांना बाप्तिस्मा द्यावा, की सज्ञान झालेल्याने विश्वास कबूल केल्यावर तो घ्यावा, या वादात बॅप्टिस्टांना न दुखवता दोन्ही प्रघात ऐक्ययोजनेच्या मसुद्यात मान्य करण्यात आले. पाळकांच्या दीक्षेचा प्रश्न याहून नाजूक होता. दक्षिण भारतातील मंडळ्यांच्या १९४७ च्या ऐक्याच्या वेळी बिशपांच्या हातून दीक्षा न मिळालेल्या पाळकांनाही जसेच्या तसे स्वीकारले गेले, आणि बिशपांकरवी दीक्षा आवश्यक मानणाऱ्या अँग्लिकन जगतात त्याबद्दलची रुखरुख बरीच वर्षे राहिली. म्हणून उत्तरेकडे आरंभीच परस्पर हस्तार्पणाचा, म्हणजे एकमेकांच्या मस्तकी हात ठेवण्याचा, विधी योजण्यात आला. पूर्वीची दीक्षा नाकारली जात नाही असे नमूद करून, कोणाला काय उणे होते याचा निवाडा ईश्वरावर सोपवणारी ती शब्दयोजना, समीक्षकांनी संदिग्ध म्हणून हिणवली असली तरी, प्रस्तुत लेखकाच्या मते सगळ्या व्यवहाराची किल्ली होती. बिशपपद परंपरेने चालत आलेले, पण कारभार घटनेने बांधलेला, ही तडजोडही त्याच वृत्तीची. योजनेची चौथी सुधारित आवृत्ती १९६५ मध्ये निघाली. तीच पुढे मंजुरीसाठी मंडळ्यांसमोर गेली.

एवढे करूनही अमेरिकी परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी, जी वाटाघाटींत आरंभापासून सामील होती, ती ऐन १९७० मध्ये मागे सरली. ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथॉडिस्ट मात्र आत आले. नवल असे की, त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला स्थापन झालेल्या पाकिस्तानच्या संयुक्त मंडळीत तिकडील मेथॉडिस्ट सहभागी झाले होते. बाहेर राहिलेली भारतातील ही मेथॉडिस्ट मंडळी पुढे १९८१ मध्ये स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय मुंबईत आहे.