डिस्नेच्या राजवाड्यातलं एक जेवण: एवढे पैसे नेमके कशाचे?

फ्लोरिडातल्या ओरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचे रील्स तुमच्या फीडमध्ये येत असतील, तर त्यात राइड्सच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट हमखास दिसते. ती म्हणजे जेवणाचं टेबल. सिंड्रेलाच्या राजवाड्यात नाश्ता करणारं कुटुंब, पंधराव्या मजल्यावरून फटाके बघत जेवणारं जोडपं, हार्पचे सूर ऐकत एकामागून एक छोट्या प्लेट्स संपवणारे लोक. खाली एक कमेंट ठरलेली, 'बकेट लिस्ट!' आणि तिच्याखाली दुसरी, 'एवढ्या पैशात आमच्याकडे गावजेवण होतं.'

दोघांचंही बरोबर आहे. पण खर्च करायचा की नाही हे ठरवण्याआधी आपण तिथे नेमकं काय विकत घेतो, हे समजून घेतलं पाहिजे. कारण ही सगळी रेस्टॉरंट्स 'महाग' असली, तरी प्रत्येक ठिकाणी पैसे वेगळ्या गोष्टीचे लागतात.

थीम पार्कमध्ये इतकी महाग रेस्टॉरंट्स आली कुठून?

वॉल्ट डिस्नेने १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला डिस्नेलँड सुरू केलं, तेव्हा कंपनीकडे जागा मोजकी होती. पार्कच्या बाहेर इतरांनी मोटेल आणि खाण्याची ठिकाणं उभी केली. अगदी 'डिस्नेलँड हॉटेल'सुद्धा जॅक रॅदर नावाच्या दुसऱ्याच उद्योजकाने बांधलं होतं. ते डिस्नेच्या हातात यायला १९८८ साल उजाडलं. म्हणजे पार्क डिस्नेचं, पण पाहुण्यांच्या मुक्कामाचे आणि रात्रीच्या जेवणाचे पैसे इतरांच्या गल्ल्यात.

फ्लोरिडात ही कसर भरून काढली गेली. तिथे कंपनीने २७ हजार एकरांहून जास्त जमीन घेतली. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेवढं आहे, साधारण तेवढीच. १ ऑक्टोबर १९७१ ला डिस्ने वर्ल्ड उघडलं, तेव्हा पार्कसोबत कंपनीची दोन हॉटेलं तयार होती. आता पाहुणा चार-पाच दिवस याच आवारात राहतो, फिरतो आणि जेवतो. त्यामुळे काउंटरवरच्या बर्गरपासून मिशेलिन स्टारवाल्या जेवणापर्यंत सगळं एकाच ठिकाणी मिळतं.

१. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स: पैसे अन्नाचे

ग्रँड फ्लोरिडियन हे डिस्नेचं हॉटेल १९८८ मध्ये सुरू झालं. त्यातलं हे रेस्टॉरंट. नाव ब्रिटनची राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट यांच्यावरून. पूर्वी इथे टेबलावर वाढणाऱ्या जोडीची नावंही त्या संध्याकाळपुरती 'व्हिक्टोरिया' आणि 'अल्बर्ट' अशीच असायची.

इथे मिकी माउस येत नाही. पात्रं नाहीत, फटाके नाहीत, दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशही नाही. पोशाखाचा नियम आहे, त्यामुळे शॉर्ट्स आणि चपला खोलीवर ठेवून यायच्या. अनेक कोर्सचं जेवण काही तास चालतं. २०२४ मध्ये या रेस्टॉरंटला मिशेलिन स्टार मिळाला. थीम पार्कच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आणि एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. रेस्टॉरंट हॉटेलात असल्यामुळे इथे जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही. त्या हॉटेलात उतरलेलं असण्याचीही गरज नाही.

२. सिंड्रेलाज रॉयल टेबल: पैसे जागेचे आणि पात्रांचे

मॅजिक किंगडम पार्कच्या मधोमध जो राजवाडा दिसतो, त्याच्या आतच हे रेस्टॉरंट आहे. १९९७ पर्यंत याचं नाव 'किंग स्टीफन्स बँक्वेट हॉल' होतं. गंमत म्हणजे किंग स्टीफन हे स्लीपिंग ब्यूटीचे वडील. राजवाडा एका राजकन्येचा आणि हॉलवर नाव दुसरीच्या बापाचं. शेवटी नाव बदललं.

इथलं जेवण व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्सच्या तोडीचं असेल, अशी अपेक्षा ठेवू नका. इथे विकली जाते ती जागा. राजवाडा एकच आहे, त्यात टेबलं मोजकी आहेत आणि मागणी वाढली म्हणून राजवाड्यावर मजला चढवता येत नाही. शिवाय राजकन्या स्वतः टेबलापाशी येऊन मुलांशी बोलतात. हे कलाकार एरवी पार्कमध्ये भेटतात, तेव्हा रांगेत उभं राहावं लागतं. इथे ती रांग वाचते. पाच-सहा वर्षांची मुलगी सोबत असेल, तर हा हिशोब वेगळाच होतो. सोबत फक्त मोठी माणसं असतील, तर तेच पैसे दुसरीकडे जास्त चांगलं जेवण देतील.

हे रेस्टॉरंट पार्कच्या आत असल्यामुळे त्या दिवसाचं पार्कचं तिकीट लागतंच. बुकिंग करतानाच पैसेही भरावे लागतात.

३. कॅलिफोर्निया ग्रिल: पैसे खिडकीचे

कंटेम्पररी हे डिस्ने वर्ल्डच्या पहिल्या दोन हॉटेलांपैकी एक. त्याच्या पंधराव्या मजल्यावर १९९५ पासून कॅलिफोर्निया ग्रिल आहे. समोर मॅजिक किंगडम दिसतं आणि रात्री तिथले फटाके. जेवण चांगलंच असतं, पण बहुतेक लोक येतात ते त्या काही मिनिटांसाठी. त्यामुळे टेबल मिळवण्याआधी त्या दिवशीच्या फटाक्यांची वेळ बघा. ती ऋतूनुसार बदलते. फटाके संपल्यावरचं टेबल म्हणजे सूर्यास्त झाल्यावर महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटला पोचण्यासारखं.

४. क्लब ३३ आणि २१ रॉयल: पैसे बंद दाराचे

ही दोन्ही कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये. क्लब ३३ हा १९६७ मध्ये सुरू झालेला खासगी क्लब. सदस्य असाल किंवा सदस्याने बोलावलं असेल, तरच आत जाता येतं. अनेक वर्षं डिस्नेलँड पार्कमध्ये दारू मिळण्याचं हे एकमेव ठिकाण होतं.

२१ रॉयल २०१७ मध्ये सुरू झालं. वॉल्ट डिस्नेच्या कुटुंबासाठी योजलेल्या घरात, एका वेळी फक्त एका ग्रुपसाठी जेवण. सुरुवातीची किंमत बारा जणांपर्यंतच्या ग्रुपला १५ हजार डॉलर. म्हणजे बारा जण असतील तर माणशी १,२५० डॉलर. इथे अन्न उत्तम असतंच, पण खरी किंमत 'इतरांना जाता येत नाही' याची.

मेनूवरची किंमत आणि बिल यांत फरक किती?

आपल्याकडचे बरेच पाहुणे इथेच फसतात. अमेरिकेत मेनूवर लिहिलेल्या किमतीत टॅक्स आणि टिप धरलेली नसते. टिप ऐच्छिक म्हणतात, पण टेबलावर वाढलं जाणाऱ्या जेवणात १८ ते २० टक्के देणं ही रीतच आहे. सहा किंवा त्याहून जास्त जण असतील, तर डिस्नेच्या अशा रेस्टॉरंट्समध्ये १८ टक्के बिलातच लावले जातात.

एक उदाहरण करून बघू. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स २०२२ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा मुख्य हॉलमधलं जेवण माणशी २९५ डॉलर होतं.

- दोघांचे: ५९० डॉलर
- साडेसहा टक्के टॅक्स: सुमारे ३८ डॉलर
- १८ टक्के टिप: सुमारे १०६ डॉलर
- एकूण: सुमारे ७३४ डॉलर

डॉलर ८५ रुपये धरला, तर हे ६२ हजार रुपयांच्या वर जातं. वाइन वेगळी. दर बदलत राहतात, त्यामुळे बुकिंगच्या दिवशीचा आकडा अधिकृत वेबसाइटवर बघा आणि त्यात साधारण पाव हिस्सा वाढवून मगच बजेट धरा.

मुलांचंही गणित आहे. डिस्नेच्या हिशोबात तीन ते नऊ वर्षं म्हणजे मूल. दहावं लागलं की मोठ्या माणसाचा दर. निश्चित दराच्या जेवणात वाढदिवसाच्या आधी आणि नंतर जाण्याने फरक पडतो.

टेबल मिळतं कसं?

डिस्ने वर्ल्डमध्ये बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना एक जास्तीचा फायदा असतो. त्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या ६० दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची टेबलं एकदमच धरता येतात. त्यामुळे मागणी असलेलं टेबल हवं असेल, तर ते मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत शोधा. तिथे स्पर्धा कमी असते. भारतातून बुकिंग करत असाल, तर फ्लोरिडातली सकाळ म्हणजे आपली दुपार हे लक्षात ठेवा. टेबल मिळालं नाही तरी रोज एकदा तपासत राहा. बेत बदलला की लोक बुकिंग सोडतात.

शाकाहारी लोकांचं काय?

अमेरिकेत मुला-मुलीकडे आलेले आई-बाबा सोबत असतील, तर हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. सोय होते, पण बुकिंगच्या वेळीच कळवावं लागतं. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही, कारण तिथे त्यात अंडं चालतं असं धरतात. सूपमध्ये किंवा भातात चिकनचा स्टॉक आहे का, हे स्पष्ट विचारा. कांदा-लसूण चालत नसेल तर तेही सांगा.

आणि आई-बाबांना खूश करायचं असेल, तर अॅनिमल किंगडम लॉजमधलं 'सना' विसरू नका. आफ्रिकी जेवणावर भारतीय चवींची छाप, ही इथली खासियत. इथली 'ब्रेड सर्व्हिस' प्रसिद्ध आहे: नान, कांदा कुलचा, पनीर पराठा आणि सोबत रायतं, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. बिल वर सांगितलेल्या ठिकाणांच्या तुलनेत फारच हलकं.

मग खर्च करायचा की नाही?

आधी घरात विचारा, कोणाला काय हवंय. खाण्याची खरी आवड असेल, तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स. लहान मुलं असतील, तर राजवाडा. दोघंच असाल आणि फटाके आवडत असतील, तर पंधरावा मजला. सहलीत अशी एकच जागा निवडा आणि बाकीचे दिवस काउंटरवर साधं खा. रोजच मेजवानी झाली, तर पाचव्या दिवशी ती कोणालाच मेजवानी वाटत नाही, बिल मात्र पाचही दिवसांचं येतं.