बी. बी. किंग: टॉनिकच्या जाहिरातीतून ब्ल्यूजच्या शिखराकडे

१/
१९४८ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातून रायली किंग नावाचा एक तरुण ट्रॅक्टरचालक गिटार घेऊन मेम्फिस शहरी आला. चार वर्षांच्या आत त्याची ध्वनिमुद्रिका ‘ऱ्हिदम अँड ब्ल्यूज’ क्रमवारीत अग्रस्थानी होती. या प्रवासाचा दुवा ठरले एक रेडिओ केंद्र आणि टॉनिकची एक बाटली.

२/
किंगचा जन्म १९२५ चा. बालपण कापसाच्या शेतांत गेले. १९४६ मध्ये त्याच्या हातून ट्रॅक्टरची मोडतोड झाली आणि मळेमालकाच्या धाकाने तो मेम्फिसला पळाला. तेथे आईच्या नात्यातील ब्ल्यूज गायक बुका व्हाइट याने त्याला आसरा दिला. काही महिन्यांनी तो परतला आणि पुन्हा मळ्यावर राबू लागला. संगीताची ओढ मात्र सुटली नाही.

३/
मेम्फिस हे वर्णभेदाचे शहर होते. तेथील डब्ल्यूडीआयए हे केंद्र १९४७ मध्ये गोऱ्या मालकांनी सुरू केले, पण त्याचा जम बसेना. अखेर १९४८ च्या ऑक्टोबरात त्यांनी नॅट डी. विल्यम्स या कृष्णवर्णीय इतिहास-शिक्षकाच्या हाती माइक दिला. श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून लवकरच केंद्राचे सारे कार्यक्रम कृष्णवर्णीयांसाठी होऊ लागले. या निर्णयामागे समतेच्या तळमळीहून व्यापाराचा हिशेब अधिक होता.

४/
नदीपलीकडे, आर्कान्सामधील वेस्ट मेम्फिस येथे, सनी बॉय विल्यमसन याचा रेडिओ कार्यक्रम चाले. किंगने त्याच्याकडे एक गाणे म्हणू देण्याची विनंती केली. त्या गाण्यामुळे त्याला एका उपाहारगृहात गाण्याचे काम मिळाले. मात्र मालकिणीची अट होती: रेडिओवरून उपाहारगृहाचे नाव घ्यायचे.

५/
म्हणून किंगने डब्ल्यूडीआयएचे दार ठोठावले. केंद्राला ‘पेप्टिकॉन’ टॉनिकची जाहिरात करणारा गायक हवा होता. त्याने जाहिरातीचे गीत रचले आणि त्याला रोजची दहा मिनिटे मिळाली. वेतन नव्हते, आपल्या मैफलींची माहिती देण्याची मुभा होती. ऐकणारे लोक मग मैफलींना येऊ लागले.

६/
पुढे तो निवेदक झाला. केंद्राच्या संग्रहातील जॅझ, गॉस्पेल आणि ब्ल्यूजच्या तबकड्या वाजवताना त्याचा कान घडत गेला. गावाकडे दुर्मीळ असलेले संगीत येथे रोज हाताशी होते. हीच त्याची संगीतशाळा.

७/
१९४९ मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रणे याच केंद्राच्या स्टुडिओत झाली. ती फारशी चालली नाहीत. १९५१ मध्ये मुद्रित झालेले ‘थ्री ओक्लॉक ब्ल्यूज’ मात्र पुढच्या वर्षी क्रमवारीत पहिले आले. देशभरातून बोलावणी येऊ लागली. एकट्या १९५६ मध्ये त्याने ३४२ कार्यक्रम केले.

८/
केंद्राची मालकी गोऱ्यांकडेच राहिली. तरीही तेथील माइकमुळे कापूस वेचलेल्या एका तरुणाचा आवाज घरोघरी पोहोचला. निवेदक म्हणून पडलेले ‘बील स्ट्रीट ब्ल्यूज बॉय’ हे टोपणनाव आधी ‘ब्ल्यूज बॉय’ झाले आणि मग त्याची केवळ आद्याक्षरे उरली. तीच ‘बी. बी.’ ही अक्षरे पुढे साऱ्या जगाला ठाऊक झाली.