पाहणी आणि तपासणी

माठ विकत घेताना आपण तो नुसता बघत नाही. बोटाच्या पेरांनी त्यावर टिचकी मारतो. टण्ण आवाज आला तर पैसे काढायचे, बद्द आला तर माठ गुपचूप परत ठेवायचा. नारळ, कलिंगड, एके काळी चांदीचा रुपया... सगळं आपण वाजवूनच घेत आलो. 'खणखणीत नाणं' हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. फोडून बघितलं तर शंभर टक्के खात्री होते, पण मग माठ उरत नाही! न फोडता आतलं कळलं पाहिजे, ही खरी मेख.

इंजिनियर मंडळी याच उद्योगाला 'नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग' म्हणतात, थोडक्यात एनडीटी. शब्दशः मराठी करायला गेलं तर 'अविनाशी चाचणी' होतं, आणि मग कुणी आत्म्याची तपासणी करतंय की काय असं वाटायला लागतं. म्हणून या लेखात आपण एनडीटीच म्हणू.

विषय कोरडा वाटेल, पण आम्हा रायगडवाल्यांसाठी तो कोरडा नाही. २०१४ ते २०२० या सात वर्षांत रोहा ते महाड एवढ्याच पट्ट्यात एक रेल्वेगाडी, एक पूल आणि एक इमारत यांनी माणसं नेली. तिन्ही वेळा लोकांच्या तोंडी एकच प्रश्न होता : "आधी कुणी तपासलं नव्हतं का?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर जरा मागे जावं लागतं.

८ मे १८४२. फ्रान्समध्ये व्हर्सायचा राजेशाही सोहळा बघून लोक गाडीने पॅरिसला परत निघाले होते. वाटेत पुढच्या इंजिनाचा आस, म्हणजे ॲक्सल, मोडला. मागचे डबे त्यावर चढले, आग लागली, आणि डब्यांना बाहेरून कुलपं! पन्नासहून अधिक माणसं गेली. आस तर चांगला दणकट लोखंडी होता, मग तो अचानक मोडला कसा? तेव्हा समजूत अशी होती की वापरून वापरून लोखंडाचा आतला पोतच बदलतो आणि ते ठिसूळ होतं. रँकिन नावाच्या स्कॉटिश इंजिनियरने मोडलेले आस बारकाईने बघितले आणि दाखवून दिलं की तडा एखाद्या कोपऱ्यातून, खाचेतून सुरू होतो आणि रोज थोडा थोडा आत सरकतो. पुढे प्रशियाच्या रेल्वेत वोलर यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून याला आकड्यांत बसवलं. मोठ्या ओझ्याने एकदा मोडत नाही ते लहान ओझ्याने लाखो वेळा वाकवलं की मोडतं. यालाच धातूचा थकवा म्हणतात. माणसासारखंच की! वरून सगळं ठीक दिसतं आणि एक दिवस...

म्हणजे शत्रू आत आहे आणि हळूहळू वाढतो, हे कळलं. आता त्याला बघायचं कसं? पहिलं उत्तर आपलं माठवालंच. स्टेशनात गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन एक माणूस चाकं ठोकत जायचा. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडकलेलं बद्द बोलतं. पण या कानाला मर्यादा होती. आसावर चाक जिथे दाबून बसवलेलं असतं, नेमका तिथेच तडा सुरू व्हायची भीती जास्त, आणि तो भाग चाकाखाली झाकलेला.

दुसरं उत्तर रेल्वेच्या कारखान्यांतलं, आणि मला ते फार आवडतं. सुटा केलेला आस काळ्या तेलात रॉकेल मिसळून त्यात बुडवून ठेवायचा. मग बाहेर काढून लख्ख पुसायचा आणि वर खडूची पांढरी भुकटी कालवून तिचा पातळ हात द्यायचा. तडा असेल तर त्यात शिरलेलं तेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. आज कारखान्यांत लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर यांचे स्प्रे मिळतात, ते याच युक्तीचे नातू. फक्त एकच अडचण : तडा पृष्ठभागापर्यंत आलेला असला तरच तो दिसतो.

रुळाच्या पोटातला तडा शोधायची निकड अमेरिकेला भासली ती २५ ऑगस्ट १९११ च्या अपघातानंतर. न्यूयॉर्क राज्यात मँचेस्टर नावाच्या गावाजवळ एक रूळ तुटला आणि २९ माणसं मेली. त्या रुळाच्या डोक्यात आतल्या आत एक आडवा तडा होता, वरून काहीच दिसत नव्हतं. जायरोस्कोपसाठी प्रसिद्ध असलेल्या एल्मर स्पेरी यांनी पुढे या प्रश्नात डोकं घातलं. रुळातून जबरदस्त वीजप्रवाह सोडायचा. तडा असेल तिथे प्रवाहाला वळसा घ्यावा लागतो आणि भोवतालचं चुंबकीय क्षेत्र हलतं. ते टिपणारा डबा १९२८ मध्ये रुळावर धावला.

त्याच वर्षी रशियात सोकोलोव्ह यांनी ध्वनीची कल्पना मांडली, आणि १९४० च्या सुमारास अमेरिकेत फायरस्टोन यांनी तिचं कामाचं यंत्र केलं. आपल्याला ऐकू येणार नाही इतक्या उंच पट्टीचा आवाज पोलादात सोडायचा. तो पलीकडच्या टोकाला आपटून परत येतो. मध्ये तडा असेल तर प्रतिध्वनी आधीच येतो. किती आधी आला यावरून तडा किती खोल ते कळतं. टिचकी तीच, कान मात्र विजेचा!

आपल्या रेल्वेत आज याच पद्धतीने रूळ तपासतात. तुम्ही कधी रुळावरून हाताने ढकलत नेलेली छोटी ट्रॉली बघितली असेल, बरोबर पाण्याची टाकी. पाणी कशाला? तर यंत्राचा प्रोब आणि रूळ यांत हवेची फट राहिली तर आवाज आत शिरतच नाही, तिथूनच परत फिरतो. एक प्रोब सरळ खाली बघतो, त्याला आडवे पसरलेले तडे दिसतात. दुसरा ७० अंशांत तिरपा, तो रुळाच्या डोक्यातले उभे तडे पकडतो. दोष सापडला की रुळावर लाल रंगाने फुली मारतात. एक फुली म्हणजे लक्ष ठेवा. तीन फुल्या म्हणजे ताबडतोब गाड्यांचा वेग उतरवा आणि तीन दिवसांत तो तुकडा काढा.

आता रोह्याकडे येऊ. १९८६ मध्ये आपट्याहून पुढे रोह्यापर्यंत रूळ आले. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. १९९८ च्या २६ जानेवारीपासून ती थेट मंगळूरपर्यंत धावू लागली. ४ मे २०१४, रविवार. दिवा-सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे आणि रोहा यांच्या मध्ये, निडी गावाजवळ रुळावरून घसरली. वीसच्या आसपास माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी झाली. सुट्टीचे दिवस, गाडी गच्च भरलेली. बातम्यांत 'कोकण रेल्वेचा अपघात' असं आलं, पण ती जागा मध्य रेल्वेच्या हद्दीतली. रुळाला तडा गेल्याची शंका तेव्हा लगेचच घेतली गेली.

त्या दिवसांत गावात सगळे म्हणत होते, "एवढी यंत्रं आहेत, मग कळलं कसं नाही?" कुठल्याही रुळाच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर समजून घ्यायला हवं. ट्रॉली त्या जागेवरून जाते तो एक क्षण असतो. तडा मात्र त्याच्या आधीही वाढत असतो आणि नंतरही. म्हणून ट्रॉली पुन्हा कधी न्यायची हे रुळावरून किती दशलक्ष टन वाहतूक गेली यावर ठरवतात. शिवाय ठिकठिकाणी रूळ वितळलेल्या धातूने जोडलेले असतात, ते सांधे सगळ्यात हळवे आणि त्यांची तपासणी वेगळी. यंत्र खोटं बोलत नाही, पण जेवढं विचारलं तेवढंच सांगतं. कधी, कुठे आणि कुठल्या कोनातून विचारायचं हे माणसालाच ठरवावं लागतं.

काँक्रीटची गोष्ट जरा निराळी. पोलाद एकजिनसी, काँक्रीट म्हणजे चिवडाच : खडी, वाळू, सिमेंट, हवेच्या पोकळ्या आणि आत लोखंडी सळया. इथे १९५० च्या आसपास स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिट यांचा हातोडा आला. स्प्रिंगचा दट्ट्या पृष्ठभागावर आपटतो आणि उडी मारून मागे येतो. जितकी उडी मोठी तितकं काँक्रीट कडक. दुसरी पद्धत ध्वनीची : एका बाजूने आवाज सोडायचा, दुसऱ्या बाजूला तो किती वेळात पोचला ते मोजायचं. वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट उत्तम, साडेतीन ते साडेचार चांगलं, तीनच्या खाली संशयास्पद. आपल्याकडे १९९२ मध्ये या दोन्ही पद्धतींचं भारतीय मानक निघालं. हातोड्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं, हेही त्याच मानकात प्रामाणिकपणे लिहिलंय.

त्यात आणखी एक गोम आहे. जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन टणक होतो. हातोडा मारला की मोठी उडी, आकडा झकास! आत मात्र त्याच प्रक्रियेने सळयांचं संरक्षण संपत आलेलं असतं. आमच्याकडे खाडीची खारी हवा त्यात भर घालते. सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते. म्हणून एकट्या हातोड्यावर भरवसा ठेवायचा नसतो. सळयांचं विद्युत विभव मोजायचं, एखादा गाभा कापून प्रयोगशाळेत दाबून बघायचा, आणि मग सगळ्यांची साक्ष एकत्र करून निकाल द्यायचा.

महाडचा सावित्री पूल तर काँक्रीटचाही नव्हता. १९२८ च्या सुमाराचा दगडी कमानींचा पूल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, धो धो पावसात, तो वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि एक खाजगी गाडी माणसांसकट नदीत गेल्या. पुढचे कित्येक दिवस शोध चालला होता. लोखंडी सांगाडे सापडावेत म्हणून क्रेनला भलंमोठं लोहचुंबक बांधून ते पाण्यात सोडत होते. आणि नंतर सरकारनेच सांगितलं की त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता.

पाहणी! हा शब्द तेव्हापासून माझ्या मनात अडकून बसलाय. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते एकच असल्यासारखे वापरतो. पाहणी म्हणजे डोळ्यांनी बघणं. तपासणी म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीला प्रश्न विचारणं. नदीवरचे पूल जगभर पुरात पडतात ते बहुतेक वेळा वरून नव्हे, तर पायथ्याशी माती वाहून गेल्यामुळे. मे महिन्यात कोरड्या पुलावर उभं राहून ऑगस्टच्या पाण्याखाली काय होणार ते दिसत नाही. न्यूयॉर्क राज्यातच शोहारी नावाच्या ओढ्यावरचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी असाच पायाखालून पोखरला जाऊन पडला, दहा माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेत पाण्याखाली पाणबुडे पाठवून पाया तपासायचे नियम आले. आपल्याकडे सावित्रीनंतर, ऑक्टोबर २०१६ मध्ये, राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची देशव्यापी नोंद ठेवायला केंद्राने सुरुवात केली. शहाणपण दोन्हीकडे माणसं गेल्यावरच आलं.

आणि तिसरी घटनाही महाडचीच. २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, १६ जण गेले. इमारत जेमतेम दहा वर्षांची. जुनी झाली की तपासू, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही तारीख लिहून ठेवावी.

हे वाचणाऱ्या आमच्या नातेवाईकांपैकी निम्मे पनवेल-डोंबिवलीच्या सोसायट्यांत राहतात, म्हणून एक कामाची गोष्ट सांगून थांबतो. सोसायटीच्या उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. सभेत तो अहवाल येतो तेव्हा आपण शेवटचं पान उघडतो आणि 'इमारत सुरक्षित' एवढं वाचून चहाकडे वळतो. पुढच्या वेळी मधली पानं वाचा. चाचण्या कुठल्या केल्या? किती ठिकाणी? तळाचे खांब आणि गच्चीवरच्या टाकीखालची बाजू त्यात आहे का? की कुणी येऊन, फोटो काढून, नुसती पाहणी करून गेलं?

असं विचारलं तर सेक्रेटरी थोडे चिडतील. चिडू देत.